दंगलींच्या यादीत नसलेली गावे

राष्ट्रवाद आणि वांशिक संघर्ष हा विषय मी अभ्यासासाठी निवडला तेव्हा मी औरंगाबादला एम.ए. करत होते आणि वर्ष १९९४ होते. त्या वर्षीच्या १४ जानेवारीला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव जोडून त्याचा नामविस्तार झाला, आणि एप्रिलपासून रवांडातील तुत्सींच्या कत्तलीच्या बातम्या येऊ लागल्या. युगोस्लाव्हिया तर १९९१ पासूनच फुटत होता. वर्गात मात्र आम्ही तुलनात्मक राजकारण म्हणून ब्रिटन, अमेरिका आणि स्वित्झर्लंडच्या राज्यघटनांतील साम्यभेद पाठ करत होतो. विभागाबाहेरच्या रस्त्यावर बंदोबस्ताच्या गाड्या उभ्या असताना आत स्विस सार्वमताच्या पद्धतीवर टिपणे काढणे आम्हाला तेव्हा विचित्र वाटत नव्हते, इतकी अभ्यासक्रम आणि परिसर यांची फारकत सवयीची झाली होती.

विषयाकडे मी वळले त्याला माझा तालुकाही कारण होता. आमचे उदगीर १९५६ पूर्वी हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होते. राज्य पुनर्रचनेत उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके मराठी म्हणून उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले, भालकी आणि औराद म्हैसूर राज्यात गेले, आणि १९८२ साली लातूर जिल्हा झाल्यावर आमचा पत्ता पुन्हा बदलला. आईचे माहेर भालकीकडचे असल्याने घरात मराठी, सोयरिकीत कानडी आणि बाजारात दखनी अशी विभागणी होती, आणि ती कुणाला खटकत नव्हती. त्यामुळे राष्ट्र म्हणजे एक भाषा, एक संस्कृती आणि एक भूभाग ही पाठ्यपुस्तकातील मांडणी मला पहिल्यापासून अपुरी वाटत आली.

पीएच.डी.साठी मार्गदर्शक मिळवणे त्या काळी प्रवेश परीक्षेवर नव्हे, तर ओळखीवर आणि चिकाटीवर अवलंबून असे. ज्यांनी मला स्वीकारले ते सर स्वतः पंचायतराज आणि सहकार या विषयांचे अभ्यासक होते, पण त्यांनी एक अट घालून माझा विषय मान्य केला: सिद्धांत कुठलाही वाच, उदाहरण मात्र मराठवाड्याचे घ्यायचे. संशोधन समितीपुढे विषय ठेवला तेव्हा सदस्यांनी ‘वांशिक’ हे विशेषण काढून टाकायला सांगितले, कारण आपल्याकडे जात आणि धर्म आहेत, वंश नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. शीर्षक अखेर ‘हैदराबाद संस्थानातील मराठवाडा : राष्ट्रवाद आणि जमातवादी संघर्ष, १९३८ ते १९५६’ असे नोंदले गेले. शीर्षकावर मी वाद घातला नाही, कारण डोनाल्ड हॉरोविट्झ यांच्या १९८५ च्या ग्रंथापासून या शाखेत जन्माने मिळणाऱ्या, धर्म, भाषा, जात यांसारख्या सर्वच ओळखींचा विचार एकत्र होतो हे प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात सविस्तर लिहिता येणार होते.

वाचनाची सुरुवात अर्नेस्ट गेल्नर आणि बेनेडिक्ट अँडरसन यांच्यापासून झाली. दोघांचेही मुख्य ग्रंथ १९८३ चे. औद्योगिक समाजाला एकसारखी शिकलेली, एका प्रमाण भाषेत वावरणारी माणसे लागतात आणि त्या गरजेतून राष्ट्रवाद जन्मतो, ही गेल्नर यांची मांडणी निजामाच्या मराठवाड्याला लावायची तर पहिली अडचण अशी की येथे उद्योग जवळपास नव्हतेच. पण तिच्यातील दुसरा धागा लागू पडत होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू, १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू, आणि सुमारे तेरा टक्के मुसलमान असलेल्या राज्यात बहुसंख्य प्रजा मराठी, तेलुगू व कानडी बोलणारी. अशा ठिकाणी शिकून नोकरी मागणाऱ्या पहिल्या पिढीला भाषेची भिंत रोज दिसत होती. कारखान्याचे काम येथे कचेरीने केले, असे मी तेव्हा लिहिले आणि आजही ते मला योग्य वाटते. सभेसाठी पूर्वपरवानगी सक्तीची करणारी गश्ती निशान ५३, तिला वळसा घालून गणेशोत्सवात आणि वाचनालयांत होणारी भाषणे, १९३८ मधील वंदे मातरम चळवळ आणि तीत उस्मानियातून काढून टाकलेले विद्यार्थी नागपूरला जाऊन शिकले ही घटना, हे सगळे या चौकटीत नीट बसत होते.

ज्या घटनेशी मला खरे तर भिडायचे होते ती या चौकटीत बसत नव्हती. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. मराठवाड्यात हा दिवस मुक्तिसंग्राम दिन म्हणून झेंडावंदनाने साजरा होतो, आणि स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील लढ्याचा तो रास्त गौरव आहे. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या कासीम रझवीच्या सशस्त्र रझाकारांनी त्याआधीच्या काळात जे केले, बीदर जिल्ह्यातील गोरटा गावात मे १९४८ मध्ये जे झाले, ते आमच्या भागात घरोघर सांगितले जाते. शरणागतीनंतरच्या आठवड्यांत गावोगाव मुसलमान मारले गेले, हे मात्र घरोघर माहीत असूनही झेंडावंदनाच्या भाषणात कधी येत नाही. राष्ट्रवादाचा अभ्यासक म्हणून मला या दोन्ही गोष्टी एकाच प्रबंधात, एकीने दुसरीचे समर्थन न करता, लिहायच्या होत्या.

त्यासाठी उर्दू शिकणे भाग होते. उदगीरच्या एका निवृत्त शिक्षकांनी मला आधी छापील आणि मग शिकस्त वळणाची हस्तलिखित उर्दू वाचायला शिकवले. शिकस्तमध्ये लिहिणारा घाईत नुक्ते म्हणजे अक्षरांचे ठिपके गाळतो आणि अक्षरे एकमेकांत ओढतो, त्यामुळे तहसीलदाराच्या एका अर्ध्या पानाच्या अहवालावर सुरुवातीला माझी अख्खी दुपार जात असे. नंतर मी परळी–विकाराबाद मार्गाने हैदराबादला जाऊन तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात बसू लागले. तेथे मागणीपत्र भरायचे, बस्ता म्हणजे कागदांचा गठ्ठा येईपर्यंत थांबायचे, आणि आला की शाईने नव्हे तर केवळ पेन्सिलीने उतरवून घ्यायचे, हा क्रम होता. महसुलाच्या बस्त्यांतून दंगलीविषयी सरळ काही सापडत नाही. सापडते ते आडून: एका गावातील इनामदाराच्या जमिनीचा दस्त १९४९ साली कुणाच्या नावे झाला, मशिदीच्या खर्चाची नेमणूक कोणत्या वर्षी थांबली, विधवांच्या अर्जांची संख्या कुठल्या तालुक्यात वाढली. पुरावा असा कडेकडेने गोळा करण्याची सवय मला तेथे लागली.

गावातील मुलाखती हा प्रबंधाचा सर्वांत अवघड भाग होता. मारणारे आणि मार खाल्लेले यांची नातवंडे एकाच पारावर बसतात अशा गावात तुम्ही कुणाच्या घरी आधी गेलात, कुणाकडे चहा घेतला, यावरून तुमची बाजू ठरते. बाई असल्यामुळे मला मुसलमान घरांत आतपर्यंत जाता आले, आणि ज्या आजीबाई मुलांसमोरसुद्धा या विषयावर बोलत नसत त्या चुलीजवळ बोलल्या. टेपरेकॉर्डर मी लवकरच बाजूला ठेवला. एका वृद्ध विणकरांनी सगळे सांगून झाल्यावर म्हटले, “बाई, लिहा, पण गावाचं नाव तेवढं नका लिहू.” त्यानंतर प्रबंधात कुठल्याच गावाचे नाव न देता तालुका आणि वस्तीचा आकार एवढेच नोंदवण्याचे मी ठरवले, आणि रझाकारांच्या हल्ल्यात बळी पडलेल्या हिंदू कुटुंबांच्या बाबतीतही तोच नियम पाळला. पुढे काही परीक्षकांना हे अशास्त्रीय वाटले. मला ते तसे वाटत नाही. ज्यांना उद्याही त्याच गावात राहायचे आहे त्यांच्या सुरक्षिततेपेक्षा तळटीप मोठी नसते.

प्रबंध अर्धा लिहून झाला असताना २००२ साली आशुतोष वार्ष्णेय यांचा हिंदू–मुस्लिम दंगलींवरील ग्रंथ आला. पुण्याच्या मैत्रिणीने पाठवलेली त्याची झेरॉक्स प्रत मी इतक्या वेळा वाचली की तिची पाने सुटी झाली. अलिगढ आणि कालिकत, हैदराबाद आणि लखनौ, अहमदाबाद आणि सुरत अशा शहरांच्या तीन जोड्या घेऊन त्यांनी दाखवले होते की जेथे दोन्ही समाजांची माणसे व्यापारी मंडळे, कामगार संघटना, पक्ष अशा संस्थांत एकत्र असतात तेथे अफवा दंगलीपर्यंत पोहोचत नाही. त्यामागे स्टीव्हन विल्किन्सन यांच्यासह तयार केलेली १९५० ते १९९५ या काळातील दंगलींची मोठी यादी होती. त्या यादीनुसार दंगलींतील मृत्यूंपैकी खेड्यांतील वाटा चार टक्क्यांच्या आसपासच भरतो आणि जवळपास निम्मे मृत्यू आठ शहरांत झालेले दिसतात. खेड्यात रोजचा शेजार पुरतो, शहरात मात्र संस्था लागतात, असा निष्कर्ष त्यातून निघत होता.

मांडणी देखणी होती, आणि शहरांपुरती ती मला आजही पटते. पण ती यादी १९५० पासून सुरू होत होती आणि ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या मुंबई आवृत्तीवरून केलेली होती. मी ज्या गावांत फिरत होते ती दोन वर्षांनी तिच्याबाहेर राहिली होती, आणि ज्या गावात १९४८ साली मुंबईच्या वर्तमानपत्राचा बातमीदार सोडाच, टपालही आठवड्याने येत असे, ते गाव यादीत आले तरी कसे असते? रोजचा शेजार त्या गावांत होता. उरुसाला आणि पोळ्याला एकत्र जेवणारी माणसे होती. तरीही ते घडले.

माझे उत्तर मला बॅरी पोझेन यांच्या १९९३ च्या एका लेखाच्या आधाराने सापडले. राज्यसत्ता अचानक कोसळली की प्रत्येक गटाला दुसऱ्याच्या बचावाच्या तयारीतही हल्ल्याची तयारी दिसू लागते, हे त्यांनी युगोस्लाव्हियाच्या संदर्भात लिहिले होते. हैदराबादेत पाच दिवसांत एक सत्ता गेली आणि दुसरी सत्ता तालुक्यापर्यंत पोहोचायला काही आठवडे लागले. मधल्या काळात गावात ना निजामाचा पोलीस अमीन होता ना नव्या लष्करी प्रशासनाचा शिपाई, आणि मागील वर्षभराच्या रझाकारी जुलमाचा हिशेब मात्र ताजा होता. विल्किन्सन यांचे स्वतंत्र पुस्तक २००४ साली आले. सत्ताधाऱ्यांना अल्पसंख्याकांची मते हवी असतील तर पोलीस दंगल थांबवतात, या त्यांच्या मुद्द्याला १९४८ च्या मराठवाड्यात जागाच नव्हती, कारण निवडणुकाच नव्हत्या. या तिन्ही सिद्धांतांची आपल्या गावांवर घासून परीक्षा करणे हे माझ्या प्रबंधाचे शेवटचे प्रकरण झाले.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला की हे राज्यशास्त्र आहे की इतिहास. राज्य नसते तेव्हा काय होते हा राज्यशास्त्राचाच प्रश्न आहे, असे मी म्हटले. ते हसले आणि त्यांनी पुढील प्रश्न संदर्भसूचीतील जोडाक्षरांवर विचारले.

पदवीनंतरची वर्षे थोडक्यात सांगण्यासारखीच आहेत. तासिका तत्त्वावर दोन महाविद्यालयांत एकाच वेळी शिकवणे, उन्हाळ्यात मानधन नसणे, मुलाखतीला जाऊन जागा आधीच ठरलेली असल्याचे कळणे, हे मराठवाड्यातील माझ्या पिढीतील बहुतेकांनी पाहिले आहे. कायम नोकरी लागली आणि लगेच २०१० पासून संशोधनाच्या गुणांकाचा काळ सुरू झाला. एका गावात दोन पावसाळे घालवून लिहिलेला मराठी लेख आणि कुठल्याशा चर्चासत्राच्या स्मरणिकेत छापलेली चार पाने यांचे मोल जवळजवळ सारखेच ठरू लागले. पुढे मान्यताप्राप्त नियतकालिकांची केअर यादी आली, तीत नाव असलेल्या अंकासाठी धावपळ झाली, आणि २०२५ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने ती यादीच मोडीत काढली. या धावपळीत मी फार पडले नाही, त्यामुळे प्राध्यापकपदाची बढती उशिरा मिळाली. इंग्रजी नियतकालिकांकडून येणारा शेरा बहुधा एकच असे: मराठवाड्यातून सार्वत्रिक निष्कर्ष कसा काढणार? अलिगढमधून तो कसा निघतो, असे उलट विचारण्याची सोय त्या पत्रव्यवहारात नसते.

२०१३ साली ए. जी. नूरानी यांच्या हैदराबादवरील पुस्तकात पंडित सुंदरलाल समितीचा अहवाल संपूर्ण छापला गेला आणि माझ्या प्रबंधाला ज्याची उणीव होती तो दस्तऐवज हाती आला. पंतप्रधान नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांनी नोव्हेंबर–डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानातील सोळापैकी नऊ जिल्ह्यांत फिरून हा अहवाल दिला होता. किमान सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली असावीत असा त्यांचा अंदाज आहे, आणि उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड हे सर्वाधिक झळ बसलेले जिल्हे म्हणून त्यांनी नोंदवले आहेत. आकड्यांपेक्षा मला त्यातील दुसरी एक नोंद महत्त्वाची वाटली. काही ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी जिवावर उदार होऊन मुसलमानांना वाचवले, आणि हा बंधुभाव एकाच धंद्यातील माणसांत अधिक दिसला. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवले, असे अहवाल म्हणतो. चुलीजवळ मी जे ऐकले होते त्याच्याशी हे जुळत होते. म्हणजे शेजार पुरला नाही तरी माग आणि सूत यांचा एकत्र व्यवहार काही जागी पुरला. वार्ष्णेय यांच्या मांडणीतील संस्थांचे खेड्यातील रूप कोणते असू शकते, याचे उत्तर मला तेथे मिळाले, आणि त्यावर लिहिलेला लेख हे माझे आजवरचे सर्वांत नेटके काम आहे असे मी मानते.

दुसरा मोठा अभ्यास १९७८ वर केला. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. ही हिंसा जवळजवळ सगळी खेड्यांत झाली, आणि हिंदू–मुस्लिम नसल्यामुळे ती दंगलींच्या यादीच्या व्याख्येतच बसत नाही. हॉरोविट्झ उतरंडीने बांधलेले आणि समांतर उभे असलेले असे समाजगटांचे दोन प्रकार करतात. समांतर गटांत संघर्ष सत्तेच्या वाट्यासाठी होतो. उतरंडीत खालचा गट पायरी सोडू लागला की वरच्याला ते बंड वाटते. नामांतराच्या निमित्ताने जळलेल्या वस्त्या पाहिल्या तर बहुतेक ठिकाणी गावकीची कामे सोडणे, गायरानाची जमीन कसणे, मुलगा शिकून नोकरीला लागणे असे काहीतरी आधीच घडलेले आढळते. विद्यापीठाचे नाव हे निमित्त होते असे सरसकट म्हणणेही मात्र मला मान्य नाही. ज्या वस्तीतून पहिला मुलगा मिलिंद महाविद्यालयात गेला तिच्यासाठी विद्यापीठाच्या पाटीवर बाबासाहेबांचे नाव असणे ही स्वतंत्र मागणी होती, आणि तिच्यासाठी लोकांनी सोळा वर्षे वाट पाहिली.

सप्टेंबर २०२३ मध्ये जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला आणि त्यानंतर माझ्या उर्दू वाचनाला अचानक मागणी आली. निजामकालीन जनगणना, गॅझेटियर आणि महसुली दप्तर यांतील, मराठ्यांना ओबीसी प्रमाणपत्र मिळवून देऊ शकणाऱ्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि गावोगावची माणसे जमिनीच्या नोंदीच्या खासरा पत्रकाच्या आणि जुन्या उर्दू कागदांच्या छायाप्रती घेऊन माझ्याकडे येऊ लागली. मी वाचून दाखवत असे, प्रमाणपत्राबाबत मत देत नसे. ओबीसी समाजातील माझे विद्यार्थी हेच कागद त्यांच्या बाजूने वाचून घ्यायला आले तेव्हाही नियम तोच ठेवला. जनगणनेच्या रकान्यातून ओळख घट्ट होते, बेल्जियन राजवटीने १९३० च्या दशकात दिलेल्या ओळखपत्रांनी रवांडात हुतू आणि तुत्सी हे शिक्के पक्के झाले, हे मी वीस वर्षे फळ्यावर लिहीत आले होते. ती प्रक्रिया येथे माझ्या ओसरीवर चालू होती, आणि शंभर वर्षांपूर्वी कुठल्या कारकुनाने कुठला शब्द लिहिला यावर एका मुलाचा प्रवेश अवलंबून होता. हैदराबाद गॅझेटियरच्या अंमलबजावणीचा शासन निर्णय २ सप्टेंबर २०२५ रोजी निघाला, तेव्हा दोन्ही बाजूंच्या लोकांनी मला एकाच दिवशी दूरध्वनी केले.

सध्या माझ्याकडे एक विद्यार्थिनी याच काळावर काम करते आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या सुमारास बीडच्या बाजूला काही गावांत मराठा आणि ओबीसी यांनी एकमेकांच्या दुकानांवर बहिष्कार घातल्याच्या बातम्या आल्या. कुणी मेले नाही, पोलीस ठाण्यात गुन्हा नाही, म्हणून कुठल्याही आकडेवारीत हे येणार नाही. तिने आराखड्यात संघर्षाच्या नोंदीसाठी मृत्यू आणि जखमी यांच्या जोडीला तीन रकाने वाढवले आहेत: किराणा कुणाकडून घेतला जातो, सालगडी कुणाचा ठेवला जातो, आणि गावच्या सप्ताहाची वर्गणी कुणाकडून घेतली गेली नाही. समितीने हे रकाने मोजण्याजोगे नाहीत असा शेरा मारून आराखडा परत पाठवला आहे. पुढील बैठकीपूर्वी दोन गावांची भरलेली कोष्टके आम्ही सोबत जोडणार आहोत.